सुमनबाईला भीती वाटत नव्हती

काकू, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेला तुमच्यावर एक पान हवं आहे. सबनीसांचा फोन आला होता. मथळाही त्यांनीच ठरवून दिला, 'रंगदेवतेची सेविका : भुसारी काकू'. मी म्हटलं, काकूंना हे सेविका वगैरे आवडलं नसतं हो. तर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही लिहा तर खरं, मथळ्याचं बघू नंतर. तुमच्याइतकं जवळचं आता इथे राहिलंय कोण?"

खरंच, राहिलंय कोण? बरखेड्यातल्या, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आपल्या ओळीतली क्वार्टर्स केव्हाच रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. कारखान्यातून निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला नाहीतर नागपूरला जायचं, अशीच रीत होती. काका गेले तरी तुम्ही गेला नाहीत. टाउनशिपच्या फाटकाबाहेर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलात आणि मुलाला, नंदूला, सांगितलंत, "पुण्यात मला कोण ओळखते? इथं भाजीवालाही विचारते, यंदा नाटक कोणतं?" मी कोटरा सुल्तानाबादला आईबरोबर राहिले, आई गेल्यावर एकटी राहिले. मधे अर्धं शहर, पण रविवारी तुमचा फोन यायचाच. "शुभे, जिवंत आहेस का?" एवढीच सुरुवात.

मला शुभी म्हणणारं माणूस या गावात आता कोणी नाही. हे कळलं तुमच्या तेराव्याच्या पंगतीत. आचाऱ्याचा पोऱ्या वाढत होता, मला म्हणाला, "मॅडम, आपको पूड़ी?" त्यात वावगं काही नव्हतं. पण त्या घरात मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच.

सबनीसांना हवं असलेलं पान मला लिहिता येईल. त्या पानात तुम्ही स्टेजवर भाजी निवडत बसाल. नायकाची एंट्री होती आणि नायक मागे धोतर नेसण्यात अडकला होता. मी विंगेत पुस्तक घेऊन उभी, कॉलेजात होते तेव्हा, घामाघूम. आणि तुम्ही शांतपणे मेथीची जुडी सोडून नसलेल्या शेजारणीशी बोलायला लागलात. टाउनशिपमध्ये पाणी सकाळी किती वाजता येतं, अन् वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येईपर्यंत कसं जातं, यावर. हॉल हसून लोळत होता. वरच्या मजल्यावरच्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नायक आला तेव्हा तो कोणालाच नको होता.

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, काकू, तुम्ही पदरचं फार घालता, पुस्तकात आहे तेवढं बोला. तुम्ही म्हणायच्या, "लेखकाला काय माहीत त्या बाईच्या घरात काय चालून राहिलं? त्यानं तिला विचारलं होतं का?" मी म्हणायचे, ती बाई त्यानेच तर लिहिली. तुम्ही म्हणायच्या, "लिहिली म्हणजे ओळखते असं थोडंच असते." तीस वर्षं हेच. आईच्या शेवटच्या वर्षांत तुम्ही रोज दुपारी मिनी बस पकडून कोटऱ्याला येत होतात, मला वॉर्डात जाता यावं म्हणून. आईशी पत्ते खेळताना तुम्ही उघड उघड लबाडी करायच्या आणि आई, जिला माझं नावही कधी कधी आठवायचं नाही, ती तुमची चोरी बरोबर पकडायची. मी परत आले की तुम्ही चप्पल घालता घालता म्हणायच्या, "आज तुझी आई तीन डाव जिंकली." त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते, हे मी स्वतःला सांगते. मी प्रयत्नही केला नव्हता, हेही खरं.

पण सबनीसांचं पान राहू दे. मला दुसरं पान लिहायचं आहे. ते लिहायच्या आधी मी नंदूला फोन केला आणि सबनीसांनाही सांगितलं, की पान येईल पण तुम्हाला हवं तसं नसेल. मंडळात येणाऱ्या पुष्कळांनी तुमच्या तेराव्याला माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "तुम्ही होतात म्हणून काकूंचं निभावलं." मी ते ऐकून घेतलं. मान हलवली.

माझ्या फेलोशिपचं तुम्हाला पाठ होतं, वाचणाऱ्यांना नसेल. आम्ही डॉक्टरकी शिकवणारे लोक डॉक्टर असतो, शिक्षक होण्याचं शिक्षण आम्हाला कोणी दिलेलं नसतं. त्यासाठी ही फेलोशिप. आठवडाभर दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर जायचं, शिकायचं, मग परत येऊन आपल्या कॉलेजात एक प्रकल्प स्वतःचा स्वतः करायचा आणि पुढच्या वर्षी तो पूर्ण करून सगळ्यांपुढे मांडायचा. पन्नाशीला आलेल्या बाईने ही फेलोशिप घेतली म्हणून विभागात थट्टा झालीच. मला मात्र ती हवी होती. आईच्या आजारपणात मी दोन कामं अर्ध्यावर सोडली होती. या वेळी काहीतरी शेवटाला न्यायचं, एवढंच मनात होतं. काय न्यायचं हेसुद्धा दुय्यम होतं, आज वाटतं.

माझा प्रकल्प असा : आमची मुलं रुग्णाला बोलू देत नाहीत. तो "डॉक्टरसाब, ऐसा है कि..." म्हणतो न म्हणतो तोच प्रश्नांची फैर सुरू. तर त्यांना ऐकायला शिकवायचं. त्यासाठी खरा रुग्ण न घेता रुग्णाची भूमिका करणारं माणूस बसवायचं. ते माणूस प्रत्येक मुलाला तीच हकीकत सांगणार, त्याच शब्दांत, म्हणजे कोणाला किती ऐकू आलं ते एका मापाने मोजता येईल. मग मुलांना सराव द्यायचा आणि पुन्हा मोजायचं.

रुग्णाची भूमिका करायला कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी सरळ तुमच्याकडे आले.

"म्हणजे आजारी असल्याचं नाटक?"

"हो."

"प्रेक्षक किती?"

"एका वेळी एक."

"एकच? बाप्पा! अन् खायला?"

"चहा-समोसा."

"तुमच्या कँटीनचा समोसा नको. तेल मागच्या गणपतीपासून तेच असन."

असं करत तुम्ही हो म्हणालात. मी केस लिहून दिली. सुमनबाई, वय बासष्ट, दोन महिन्यांपासून खोकला, संध्याकाळी बारीक ताप, भूक कमी, वजन उतरलेलं. छातीच्या क्षयाची अगदी पुस्तकी केस. सुमनबाई हे नाव तुमचंच. मी नुसतं 'रुग्ण' लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, बिननावाची बाई मी करत नसते.

हिवाळ्यातले चार शनिवार ठरले होते. पहिल्या शनिवारी तुम्ही पाठ केलेलं तंतोतंत बोललात. खोकला तर असा काढलात की शेजारी बसून गुण देणाऱ्या नसरीनने तुम्हाला पाणी नेऊन दिलं. दुसऱ्या शनिवारी, शेवटच्या दोन मुलांना, तुम्ही एक वाक्य जास्तीचं सांगितलंत. खाना अटकता है. मी मनात म्हटलं, झालं सुरू यांचं. चहाच्या वेळी हसत हसत बोलले, "काकू, पदरचं नको हं. ते केसमध्ये नाहीये." तुम्ही समोसा कागदात गुंडाळत होतात. "घरी खाईन," म्हणालात.

तिसऱ्या शनिवारी तुम्ही आलात तेव्हा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, मागे सेफ्टी पिन लावली होती. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "वा काकू! सुमनबाईसाठी वजनसुद्धा उतरवलंत?" तुम्ही म्हणालात, "मग! हौस म्हणून करते का मी?" नसरीन हसली. मीही हसले.

त्या दिवशी एक मुलगी होती. हुशार म्हणून नाव नसलेली, मागच्या बाकावरची. ती खरोखर ऐकत होती. तुम्ही खोकल्याचं सांगितलंत, तापाचं सांगितलंत, मग थांबलात. तीही थांबली. मुलं तशी थांबत नाहीत, त्यांना शांतता सोसत नाही. तिने तुम्हाला वेळ दिला आणि तुम्ही ते वाक्य पुन्हा बोललात. तिने विचारलं, "आंटी, रोटी अटकती है, कि पानी भी?"

"रोटी, बेटा. पानी तो उतर जाता है."

"कहाँ अटकती है?"

तुम्ही छातीच्या मधोमध बोट ठेवलंत. थोडं खाली सरकवलंत. मग तिथेच ठेवलंत.

काकू, ते बोट मी ओळखते. इतकी वर्षं ओपीडीत बसते. नाटकातला माणूस छातीवर पंजा ठेवतो, सगळा हात ठेवतो. बोट असं शोधत खाली जाऊन एका जागी थांबतं ते ज्याला खरंच होतं त्याचं. मला त्या क्षणी ते कळलं. नीट कळलं असं म्हणू नये कदाचित. पण ज्या आवाजात मला रोज वॉर्डात शंका येतात त्याच आवाजात शंका आली : ही सुमनबाई नाही.

आणि मी घंटी वाजवली. वेळ संपली नव्हती तरी.

तुम्हाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. चिडले होते. तीन मुलांना एक हकीकत, बाकीच्यांना दुसरी, माझं सगळं मोजमाप बिघडत होतं. मी म्हणाले, "काकू, हे गणपतीचं नाटक नाहीये."

"मग काय आहे?"

"सगळ्यांना एकच उत्तर मिळायला हवं. एकच! नाहीतर माझ्या वर्षभराच्या कामाला काही अर्थ नाही."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. नेहमीचं उत्तर आलं नाही. लेखकाला काय माहीत, वगैरे काही नाही. "बरं बाई," म्हणालात. "जसं लिहिलं तसं बोलते." मी तुमच्या तोंडून 'बरं बाई' पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच वेळी विचारायला हवं होतं. एक वाक्य. मी ठरवलं, शनिवार संपले की विचारीन. शनिवार संपले, मग आकडे मांडायचे होते. गुढीपाडव्याला तुमच्याकडे आले. तुम्ही माझ्या ताटात पुऱ्या वाढल्यात आणि स्वतःची पुरी दुधात बुडवून ठेवलीत, बराच वेळ. मी बघत होते. तुम्ही म्हणालात, "काय बघून राहिलीस?" मी म्हणाले, "काही नाही." त्या आठवड्यात मला प्रकल्पाचा सारांश केंद्राकडे पाठवायचा होता. मग उन्हाळा, परीक्षा. रविवारचे फोन चालू होते. तुम्ही विचारायच्या, "झालं का तुझं पूर्ण?" मी म्हणायचे, "होतंय, होतंय."

दिवाळीला नंदू आला आणि दार उघडल्याबरोबर घाबरला. त्यानेच तुम्हाला दवाखान्यात नेलं, त्यानेच दुर्बिणीची तपासणी करून घेतली. अन्ननलिकेचा कर्करोग, बराच पुढे गेलेला. शस्त्रक्रियेची वेळ टळलेली. मला त्याचा फोन दवाखान्यातूनच आला. रडत नव्हता, कागदावरचं वाचून दाखवावं तसं बोलत होता. शेवटी म्हणाला, "शुभाताई, आईने तुम्हाला कधी काही सांगितलं होतं का? गिळायचा त्रास वगैरे?"

मी म्हणाले, "नाही रे."

विचार न करता. चटका बसल्यावर आपण हात मागे घेतो तितक्या लवकर.

तेव्हा कळलं असतं तर तुम्ही वाचला असतात का, ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे वाक्य मी रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी सांगते. खरंही असतं. त्यांना त्याचा उपयोग होतो की नाही, हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मला झाला नाही.

अन्ननलिकेत नळी घातल्यावर तुम्हाला पातळ काही घेता यायला लागलं, तेव्हाची दुपार. नंदू औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही आपण होऊन विषय काढलात.

"तुझ्या पोट्ट्यांना सांगितलं होतं मी."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मला वाटलं, इतके डॉक्टर बनून राहिले, एखादा ओळखन."

"मला का नाही सांगितलंत, काकू? सरळ?"

"तुला सांगितलं असतं तर तू सगळं टाकून माझ्यामागे लागली असतीस. आईच्या वेळी टाकलंस तसं. मग तुझं ते पुन्हा अर्धं राहिलं असतं." तुम्ही थोडा दम घेतलात. "अन् खरं सांगू? मला भीती वाटत होती. सुमनबाईला नव्हती वाटत. तिच्या तोंडून निघून जायचं पटकन."

त्या वेळी सांगायला हवं होतं की काकू, मला ओळखू आलं होतं. माझ्या पोट्ट्यांपैकी एकीला आलं होतं आणि मलाही आलं होतं, आणि मी घंटी वाजवली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला वाटतं तुम्हाला माहीत होतं. की मला तसं वाटणं सोयीचं आहे? मी तुमची उशी सारखी केली. ती सारखीच होती.

पुढच्याच आठवड्यात फेलोशिपचं शेवटचं सत्र होतं. मी म्हटलं, जात नाही. तुम्ही चिडलात. आवाज बसला होता तरी चिडलात. "जा अन् पूर्ण करून ये. माझ्या डोक्यावर नको ते पाप." मी गेले. हे मी तुमच्या नावावर घालणार नाही, काकू. मला जायचं होतं.

प्रकल्प चांगला ठरला. मुलं आधीपेक्षा जास्त ऐकायला लागली होती, आकडे तसं सांगत होते. मांडून झाल्यावर प्रश्न आले. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, रुग्णाची भूमिका करणाऱ्यांबाबत काही अडचण आली का? साधा प्रश्न होता. सगळ्यांनाच विचारत होत्या. मी उभी होते, हातात माइक, आणि तुमच्या तपासणीचा निकाल माझ्या पर्समध्ये होता, तिथल्या एका सर्जनना दाखवायला नेलेला. मी म्हणाले, "एक बाई सुरुवातीला हकिकतीत स्वतःच्या मनाचं घालायच्या. पुन्हा सराव घेतल्यावर ती अडचण दूर झाली."

बाईंनी मान डोलावली. कोणीतरी लिहून घेतलं. पुढच्याचा नंबर आला.

रुग्णाचं ऐकायचं कसं, यावर मी केलेलं काम तिथे पूर्ण झालं आणि मला प्रमाणपत्र मिळालं. सर्जनना कागद दाखवायचा राहून गेला. ते घाईत होते, की मी होते, आठवत नाही.

परत आले तशी दवाखान्यात आले. तुम्ही प्रमाणपत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलंत. "माझं नाव घेतलंस का तिथं?"

"घेतलं की."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्या काकूंमुळे झालं सगळं."

तुम्ही सिस्टरला हाक मारलीत. "सुनो, हमारा नाम लिया इसने. उधर, बड़े-बड़े डाक्टर लोग के सामने." सिस्टर म्हणाली, "अरे वाह, अम्माजी!" त्या दिवशी तुम्ही वाटीभर पेज पूर्ण घेतलीत. मी चमचा धरला होता.

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत तुम्ही होतात. मी रोज येत होते. लोकांना ते दिसलं, म्हणून ते हात हातात घेतात. आपण मालिका बघितल्या, सबनीसांच्या मंडळाची निंदा केली, नंदूच्या बायकोने पुण्याहून पाठवलेल्या मऊ लोकरी मोज्यांना तुम्ही नावं ठेवलीत आणि तेच घालून झोपलात. शेवटच्या दिवसांत आवाज गेला होता. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी टोमणे मारायच्या. मी एकदाही बोलले नाही. रोज वाटायचं, आज. मग तुम्हाला झोप लागायची, किंवा नंदू यायचा, किंवा तुम्ही हसायच्या.

यंदा नव्या बॅचला पुन्हा तीच केस दिली आहे. विभागाने माझा प्रकल्प कायमचा स्वीकारला, कौतुकाची गोष्ट आहे. शिवाजी नगरचे एक निवृत्त हेडक्लार्क येतात भूमिका करायला. मागच्या शनिवारी खोकल्याचं सांगता सांगता त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, "उई माँ" म्हणाले. मी घंटी वाजवून मुलांना बाहेर काढलं आणि त्यांना विचारायला लागले, कधीपासून, कुठे, सूज येते का. ते भडकले. "मैडम, एक्टिंग कर रहा था. बुड्ढा आदमी है, घुटना नहीं पकड़ेगा?" तरी मी गुडघा तपासला. धडधाकट होता. बाहेर मुलं दाराला कान लावून हसत होती. तुम्ही असतात तर रविवारी फोनवर हे मी तुम्हाला सांगितलं असतं, आणि तुम्ही त्या हेडक्लार्कचीच बाजू घेतली असतीत.

आता रविवारी कोणी फोन करत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला मी फोन चार्जिंगवरून काढून जवळ ठेवते, सवयीने, आणि मग त्याच्याकडे बघायचं टाळते. अशाच परवाच्या रविवारी मी नंदूला फोन लावला. हे सगळं सांगितलं. समोसा, सेफ्टी पिन, ती मुलगी, बोट, घंटी. दवाखान्यातून तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले, ते खोटं होतं, हेही. केंद्रावर काय म्हणाले तेही.  मागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी तो बंद केला.

मग म्हणाला, "हे तुम्ही मला का सांगताय, ताई? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हणाले, "असेल. माहीत नाही."

"मला तर बरं नाही वाटलं."

"हो."

"मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. पूर्वी असं थांबता आलं नव्हतं मला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं की आता हे छापणार का. मी म्हणाले, तू नको म्हणालास तर नाही. तो म्हणाला, "छापा. मंडळातली माणसं तुमच्या पाया पडतात, त्यांनाही कळू दे." आणि मग, आवाज जरा वेगळा झाला त्याचा, "पण नुसतं तेवढंच नका छापू. आई काम चांगलं करायची. मी लहान असताना पडद्यामागून बघायचो. तेही लिहा."

त्याने मला माफ केलेलं नाही. करावं असं मी म्हटलंही नाही. पण हे दुसरं त्याने मागितलं आहे, ते मी देऊ शकते. तेव्हा काकू, तुमच्या कामाबद्दल.

चौथा शनिवार. मी व्हरांड्यात तुम्हाला रागावले त्याच्या पुढचा. तुम्ही वेळेच्या आधी आलात, खुर्चीवर बसलात, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलात. एकामागून एक मुलं येत गेली आणि प्रत्येकाला तुम्ही अक्षरशः लिहिलेलंच सांगितलंत. कुठे एक शब्द इकडचा तिकडे नाही. तरी ते पाठ केलेलं वाटत नव्हतं. दर वेळी ती बाई जणू पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होती. शेवटी एक मुलगा आला, घाईतला. त्याने यादी वाचल्यासारखं विचारलं, "खाने में, निगलने में कोई तकलीफ?"

मी पुढे सरकून बसले. तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात. आजीने नातवाकडे बघावं तसं, त्याला आपली काळजी वाटू नये म्हणून.

"नहीं बेटा," तुम्ही म्हणालात. "खाना तो आराम से उतर जाता है. बस, भूख नहीं लगती."

पापणी लवली नाही. हात मांडीवर स्थिर होते, छातीकडे गेले नाहीत. नसरीन माझ्या कानाशी पुटपुटली, "क्या एक्टिंग है यार आंटी की!" खोलीतल्या कोणालाही शंका आली नाही. मलाही त्या एका क्षणापुरती आली नाही, मी इतकी निर्धास्त झाले. मुलगा उठला, नमस्ते म्हणाला, निघून गेला. मी घंटी वाजवायचंसुद्धा विसरले.

आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच.